काकांच्या इटालियन डिस्कोची फीत

बोटीवरच्या नोकरीत विनूकाकांनी इटलीहून आणलेली डिस्कोची कॅसेट माझ्या टेपरेकॉर्डरने खाल्ली, तेव्हा मी तेहतीस कोटी देवांना वेगवेगळे नवस बोललो. चुरगळलेली चार बोटं फीत कापली, टोकं चिकटपट्टीने जोडली आणि गुपचूप कॅसेट परत केली. काकांनी ती लगेच लावली आणि काकूंसोबत नाच सुरू केला. जोड आला. माझं काळीज चार मजले खाली उतरलं. काका-काकू मात्र नाचतच राहिले!

तबलजीची एक मात्रा चुकली तर सगळी मैफल वळून बघते. डिस्कोत यंत्राने वाजवलेल्या ढोलाचे ठोके म्हणजे लाखभर जुळे भाऊ. दोन-तीन हरवले तरी आईलासुद्धा पत्ता लागत नाही. सुटलो!

काकू घाम पुसत म्हणाल्या, "अहो, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा या गाण्यावर तुम्ही माझा पाय तुडवला नाहीत!"