पाणी केवढं होतं?

काल सुनेनं माझ्या गुडघ्याला मोहाचं तेल चोळलं आणि त्या कडवट वासानं मी थेट भिलाईच्या आमच्या क्वार्टरमध्ये पोचले.

पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. बाबा तिथे खलाशी होते. हात वर करून क्रेनवाल्याला इशारे देणं हे त्यांचं काम. त्यांचा जोडीदार नामदेव तिथल्या शिवनाथ नदीत बुडाला आणि त्या दिवसापासून बाबांचा उजवा हात खांद्यापर्यंतही जाईना. डॉक्टर म्हणाले, हाडाला काही झालेलं नाही. आई रोज हेच मोहाचं तेल चोळायची. दुपारी बाबा झोपले की मी तो हात हळूच उचलून बघायची. तेव्हा तो सहज वर यायचा! जागेपणी मात्र नाही.

दोन महिन्यांनी गोंदियाकडून नामदेवची आई आली. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "पाणी केवढं होतं रे, बापू?"

बाबा म्हणाले, "हात धरला होता मी त्याचा, माय. सुटला. पाणी एवढं होतं." आणि त्यांनी उजवा हात डोक्याच्याही वर नेला.

मी ओरडणारच होते, पण आईनं माझा दंड दाबला.

म्हातारी त्या हाताकडे बघत राहिली. "एवढ्या पाण्यात तू तरी काय करशीन, लेकरा?"

तेलानंच गुण आला, असं आई शेजारणींना सांगायची. मला मात्र कोडं पडायचं, इतके दिवस तो हात होता कुठे? काल वाटलं, पाण्याखालीच असेल, नामदेवला शोधत.