सुधाकरचा पेला

सुधाकर गेल्याचा फोन मला त्याच्या घरून नाही, कंपनीतून आला. सातपूरच्या त्या कंपनीत आम्ही दोघांनी आयुष्य काढलं, पण तिथून इतका हळवा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रडू यायच्या आधी मला शंका आली.

सुधाकरकडे सीएसआरचं काम होतं. नफ्यातला जो वाटा कायद्याने समाजासाठी खर्चायचा, तो कुठे जातो हे बघायचं. कंपनीचे जवळजवळ सगळे शेअर एकाच घरात. ठरवणार मोठे साहेब, मान डोलावणार त्यांचे चिरंजीव, तपासणार त्यांचे साडू. "चार परके भागीदार असते तर एकाने तरी विचारलं असतं," सुधाकर म्हणायचा, "इथे विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच ताटात जेवतात." म्हणून तोच जायचा. कंपनीने एखाद्या गावात बांधलेल्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं की महिन्याभराने, कुणाला न सांगता, बॅगेत स्टीलचा पेला घेऊन. नळ उघडून पेलाभर पाणी प्यायचा. "का रे, वहिनी घरी पाणी देत नाहीत?" मी चिडवायचो.

एकदा त्याच्याबरोबर सुरगाण्याकडे गेलो. नळ नुसता फुसफुसला. हंडा घेऊन चाललेली एक बाई थांबली. "फोटो काढला त्या दिशी आलं व्हतं पाणी. टँकरनं भरलेली टाकी. मंग नाय." परतताना दिंडोरीजवळ त्याने गाडी थांबवली. गावासाठी म्हणून कंपनीने केलेला रस्ता समोर होता. गाव डावीकडे राहिलं होतं आणि रस्ता साहेबांच्या द्राक्षबागेच्या फाटकाशी संपत होता. "याच्या अहवालावर माझी सही आहे रे... पोरीचं शिक्षण चालू होतं." तेव्हा मला त्याचा राग आला. आता स्वतःचाच येतो, कारण मीही गप्पच बसलो होतो.

तेराव्यानंतर साहेब गंगापूर रोडवरच्या त्याच्या घरी आले. सुरगाण्यातल्या नव्या टाकीला सुधाकरचं नाव द्यायचं होतं, त्यासाठी घरच्यांची संमती हवी होती. त्यांनी डोळे पुसले. खरेही पुसले असतील. वहिनींनी संमतीच्या कागदाची घडी घातली. "उद्घाटन करून घ्या. सही महिन्याने देते."

महिना भरला त्या दिवशी वहिनींनी पेला माझ्या हातात दिला. मी गेलो, नळ उघडला, आणि पाणी आलं... गार, गोड, धो धो. पेलाभर प्यायलो. मग टाकीच्या मागे जाऊन टँकरच्या चाकांच्या खुणा शोधल्या. सापडल्या नाहीत. मित्राच्या नावाला पाणी आलं याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना.

वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी घडी घातलेला तो कागद उलगडला.

"महिना कधी भरतो ते साहेबांना मीच सांगून बसले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हे नळ बघायला कधी सांगून गेले नव्हते."

सही झालेली नाही. पेलाही त्यांनी परत घेतला नाही. माझ्याच बॅगेत आहे.