अष्टग्रहीचा सोमवार आणि धापूबाई

बोदवडच्या धापूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जगाचं वय त्यांना तोंडपाठ होतं. चाळीस चातुर्मास जैन स्थानकात साध्वीजींसमोर बसून ऐकलेलं ते. जग कुणी घडवलेलं नाही, तेव्हा ते मोडायलाही कुणी टपलेलं नाही. काळाचं चाक खाली उतरतं, पुन्हा वर चढतं. सध्या त्या चाकाचा पाचवा आरा चालू आहे, एकवीस हजार वर्षांचा, आणि त्यातली अजून अडीच हजारसुद्धा धड सरलेली नाहीत.

म्हणून १९६२च्या फेब्रुवारीत आठ ग्रह तीन दिवस एका राशीत येणार आणि प्रलय होणार अशी आवई उठली, तेव्हा बाई चक्क हसल्या. गाव मात्र हसत नव्हतं. बाजारात यज्ञाचा मंडप पडला, लग्नं पुढे गेली. हे ग्रह एकमेकांपासून कोट्यवधी मैल लांब आहेत, असं शाळेतल्या लीलाधर मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं, तर लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं.

आणि घाबरण्यात सगळ्यांच्या पुढे कोण, तर बाईंचा स्वतःचा मुलगा मिश्रीलाल! कापडाचं दुकान बंद करून पठ्ठ्या मंडपात समिधा पुरवत बसला. तेवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी सोडून दिलं असतं. पण घरात त्याची बायको धनकुंवर दिवस भरलेली, आणि मंडपातल्या ज्योतिष्यानं सांगितलं की या तीन दिवसांत मूल झालं तर ते बापाच्या मुळावर येईल, बापानं सत्तावीस दिवस त्याचं तोंड पाहू नये. मिश्रीलालनं मुकाट मान डोलावली. ते ऐकून धनकुंवरला घास उतरेना. बाईंचं टाळकंच सरकलं. आपल्या नातवंडाला पहिल्याच दिवशी अपशकुनी ठरवणारे हे कोण टिकोजीराव?

सोमवारी, नेमक्या शेवटच्या दिवशी, दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण भिकुबाई दाराला कडी लावून बसलेली. बठ्ठं बुडनार शे, आपण काही येणार नाही, असं तिनं आतूनच सांगून टाकलं.

"बुडणारच असेल तर कडी लावून तू वाचणार आहेस का?" धापूबाई दाराबाहेरून म्हणाल्या. "आणि नाही बुडालं, तर उद्या मला काय सांगशील?"

जरा वेळानं कडी निघाली.

पाचच्या सुमाराला मुलगी झाली. साडेपाचला प्रलयाची वेळ. मंडपात मंत्रांचा गजर चढला होता, आणि बायकोची चौकशी करायला आलेला मिश्रीलाल अंगणात खोलीकडे पाठ करून उभा होता. धापूबाई दुपट्यातलं बाळ घेऊन सरळ त्याच्या पुढ्यात गेल्या. त्यानं डोळे गच्च मिटले. बाईंना त्याची कीव आली आणि संतापही.

"डोळे उघड. आऱ्याची अठरा हजार वर्षं अजून बाकी आहेत. आज हिचा पहिला दिवस, आणि बाप तोंड चुकवतोय?"

"मला काही झालं तर, बाई?"

"तर मी आहे ना समोर. घे."

त्यानं डोळे मिटूनच हात पुढे केले. बाईंनी बाळ दिलं, त्याला ओसरीवर बसवलं आणि देवळीतली वाळूची घडी आणून समोर ठेवली. रोज सामायिकाच्या ध्यानाला बसताना त्या ती उलटी करत आणि अठ्ठेचाळीस मिनिटांनी वाळू सरेपर्यंत जागच्या हलत नसत. त्यांनी ती उलटी केली. वाळू खाली जाईपर्यंत लेकीला घेऊन बसायचं, मग खुशाल मंडपात जा, असं सांगून त्या आत सुनेजवळ गेल्या.

साडेपाच वाजून गेले. मंडपातला गजर हळूहळू विरला. लोक एकमेकांकडे बघत आपापल्या घरी निघाले.

धनकुंवरनं बाळ मागितलं तेव्हा धापूबाई बाहेर आल्या. घडीतली सगळी वाळू कधीच खाली गेली होती. मिश्रीलालचे डोळे उघडे होते. बाळाची मूठ त्याच्या बोटाभोवती होती, आणि तो मान वर करायला तयार नव्हता.

"संपली बघ वाळू. दे आता," बाई म्हणाल्या.

घडीकडे न बघताच तो म्हणाला, "अजून थोडी आहे."