चालत जाण्याएवढा जवळचा समुद्र

माझ्या मोठ्या जाऊबाई कमलबाई गेल्या, त्याला महिना होत आला. त्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठल्याच नाहीत, झोपेतच सगळं आटोपलं होतं. रडून झालं, पण राग काही उतरत नाही. तेराव्याला त्यांचा मुंबईचा भाचा राजू चारचौघांत डोळे पुसत म्हणाला, "आत्याला मी अख्खी मुंबई दाखवली, समुद्र दाखवला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्या फेरीला मी सोबत होते...

आमच्या गावात, अमडापुरात, कमलबाईंसारखे मांडे कोणाला जमत नसत. पुरणाची पोळी हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत लोंबेल एवढी पातळ करायच्या आणि उपड्या मातीच्या खापरावर अलगद टाकायच्या. दोन दिवसांसाठी मुंबईला निघालो, तेव्हा भाच्याला करून घालावेत म्हणून त्यांनी ते खापर लुगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून नेलं. चुकलं ते तिथंच! पहिल्या दिवशी घरच्यांनी खाल्ले, वाहवा केली. संध्याकाळी समुद्रावर जायचं ठरलं होतं, तर राजूचे ऑफिसातले मित्र जेवायला आले. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे. राजूची बायको फोन करकरून लोकांना बोलावत होती आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात घामानं निथळत होतो. समुद्र त्या घरापासून चालत जाण्याएवढा जवळ. कमलबाई मधूनच पिठाच्या हातांनी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत.

"राजू, जरासा दर्या दाखवतं का रे मले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अगं आत्या, समुद्र कुठं पळून जातोय? पुढच्या वेळी निवांत ये."

पुढच्या वेळी! ती वेळ आलीच नाही. आणि परतल्यावर बायका विचारायला आल्या, तर कमलबाई म्हणाल्या, "हाव, पाह्यला ना. लय मोठा हाये." मी चिडले, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जाऊ दे वं. माह्या माहेरची इज्जत हाये." ज्यानं दोन दिवस राबवून घेतलं, त्याचीच लाज राखायची! मला नाही जमलं. तेराव्याला सगळ्यांसमोर विचारलंच, "कोणत्या समुद्रावर नेलं होतं रे बाईले? मी तं संगंच होती." त्याची मान खाली गेली. ही बोलायची वेळ नव्हती, असं पुष्कळांना वाटलं. वाटू दे.

त्या मुंबईनंतर कमलबाईंना एक सवय लागली होती. गावातलं कोणीही शहराकडे निघालं, की हातातलं काम टाकून बसथांब्यावर जायच्या आणि बजावायच्या, "पयले पाहून घेजो, मंग कोणाच्या घरी जेवाले जाजो." आम्ही सगळ्या हसायचो. परवा माझी नात दिल्लीला निघाली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत थांब्यावरच्या चहावालीनं तिला तेच वाक्य सांगितलं, अगदी त्याच ठसक्यात... या वेळी कोणीच हसलं नाही.