ओटीपी माझ्याच मोबाईलवर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत रोज चहा पितो त्या शेजारच्या मेडिकलवाल्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

वेल्ह्यात एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दाखले, झेरॉक्स – आणि तोरण्यावर येणाऱ्यांसाठी गावोगाव घरगुती मुक्काम-जेवण सुरू झालं, तेव्हापासून वेबसाइटही. वेबसाइटचं नाव कायमचं मिळत नाही, एक प्रकारे भाड्यानं मिळतं. मुदत वाढवत राहावी लागते. ते गिऱ्हाइकाच्या मेलवर, त्याच्या मोबाईलवर नोंदवायचं असतं. मी सगळ्यांची नावं माझ्याच खात्यात नोंदवायचो. पासवर्ड माझा, ओटीपी माझ्याच मोबाईलवर. लोकांना ते बरंच वाटायचं – कटकट नको. आणि मला? खरं सांगू? गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जाऊ नये, म्हणून दावं माझ्या हातात.

लॉगिन मागितलं ते एकट्या विंझरच्या अश्विनीवहिनींनी. नवरा शिरवळला कंपनीत, सासरे – त्यांना सगळेच आबा म्हणतात – शेतीत. मुक्कामाचं सगळं वहिनी बघायच्या. चुलीचे, भातखाचरांचे फोटो त्यांनीच काढलेले, पाहुण्यांना उत्तरंही त्याच द्यायच्या. "भावजी, ते माज्या मेलवर करून द्या की," म्हणाल्या. मी हसलो. "मी हाय न्हवं? तुमी पिठल्याकडं बगा." हे माझंच वाक्य. आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

मग त्यांच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आली. सूचना येत होत्या – माझ्याच मेलवर, जाहिरातींच्या ढिगात. मी बघितल्याच नाहीत. बघितल्या तोवर नाव कुणा तिऱ्हाइतानं घेतलं होतं. कुठला, कोण – काही कळेना. जिथं नाव नोंदवलं होतं, तिथं हातापाया पडून लिहिलं. उत्तर एकच, नाव आता नव्या मालकाचं. आणि वहिनींच्या अंगणाचा फोटो होता, त्या जागी पत्त्यांचा जुगार सुरू झाला.

पुण्याच्या एका पाहुण्यानं आबांना फोन करून हे सांगितलं. आबा दुपारी दुकानात आले, मागं वहिनी. आबा चिडलेले नव्हते, घाबरले होते. चार माणसांत मान असलेला माणूस, आणि त्यांच्या घराच्या नावावर जुगार. "पोरा, हिनं कायतरी दाबलं का रं?" त्यांनीच विचारलं. बघा – पळवाट त्यांनीच दाखवली. खरं तर मी नुसतं 'नाही, त्यांनी नाही' म्हणायचं होतं. त्याला कितीसा वेळ लागतो?

मी म्हणालो, "असंल. पासवर्ड कुणाला दिला असंल."

वहिनी म्हणाल्या, "आबा, माज्याकडं पासवर्ड न्हवताच. ह्यास्नीच इचारा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी – कीबोर्डवरची धूळ पुसत – म्हणालो, "समदी असंच म्हनत्यात."

 वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. घरी गेल्यावर आबांनी वहिनींचा मोबाईल काढून घेतला. मुक्काम बंद झाला. सून मोबाईलवर काय काय करायची, याच्या गप्पा विंझरहून वेल्ह्यापर्यंत आल्या, माझ्या दुकानातही झाल्या. मी खाली मान घालून झेरॉक्स काढत होतो.

आता प्रत्येकाचं नाव त्याच्याच मेलवर, त्याच्याच मोबाईलवर नोंदवतो. लोक म्हणतात, माणूस सरळ आहे. मी ऐकून घेतो – लाज वाटते, तरी ऐकून घेतो. ते जुनं नाव अजून अधूनमधून टाइप करून बघतो. जुगार चालूच आहे.

मध्यंतरी वहिनी दुकानात आल्या. मुलीचा दाखला काढायचा होता. मोबाईल नंबर विचारला – विचारावाच लागतो. त्यांनी आबांचा सांगितला. ओटीपी विंझरला गेला. मी आबांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला आणि म्हणाले, "तूच नीट भर बाबा. तुज्यावर इस्वास हाय."

वहिनी काउंटरपलीकडे उभ्या होत्या. मी आकडे भरले, पावती दिली. ती घेऊन त्या एसटी स्टँडकडे गेल्या. फोन अजून चालू होता, पलीकडे आबा होते. तेव्हाही मी काही बोललो नाही.