आधी रिव्हर्स

लिओनाताई गाडी शिकवायची ती मागे नेण्यापासून. अमेरिकेत, आमच्या रेडमंडमध्ये ड्रायव्हिंग शिकवणारे पुष्कळ आहेत, पण नवशिक्या बाईला पहिल्याच दिवशी स्टिअरिंगवर बसवून "आता रिव्हर्स टाक" असं सांगणारी ती एकटीच असावी. मी नागपूरला कॉलेजपासून स्कूटी पळवलेली, त्यामुळे रस्त्यातलं आपल्याला सगळं कळतं अशा तोऱ्यात गेले होते. लायब्ररीमागच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तिनं मला आख्खा आठवडा फक्त मागे नेलं. वळून वळून माझी मान आखडली. मंदार, म्हणजे माझा नवरा, गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा आणि साळसूदपणे विचारायचा, "अजून पुढे नाही का गेलात?"

लिओना जन्मानं अमेरिकन, पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत आणि केस पुरुषासारखे बारीक कापलेली. तिला ताई आम्ही केलं. आमच्या मराठी ग्रुपमधल्या निम्म्या बायका तिच्याकडे शिकलेल्या, तेव्हा गणपतीला तिला बोलावलं आणि मुलं सवयीनं तिला आँटी म्हणायला लागली. तिनं मोदकाची प्लेट खाली ठेवली. "आँटी नको. माझ्या वडिलांच्या बाकीच्या बायकांना आम्ही आँटी म्हणायचो," ती इतक्या सहज म्हणाली की आधी आम्हाला ऐकूनही समजलं नाही. मग कुणीतरी घाईघाईनं ताई हा शब्द सुचवला आणि त्याचा अर्थ सांगितला. "थोरली बहीण चालेल," ती म्हणाली आणि मोदक संपवला.

शिकवताना तिचा एक कायदा होता: एका गाडीत एकच ड्रायव्हर. मंदार स्वभावानं गरीब माणूस, पण दुसरं कुणी गाडी चालवत असलं की त्याच्या अंगात आरटीओ संचारतो. एका शनिवारी तो हौसेनं मागच्या सीटवर येऊन बसला आणि "ब्रेक, ब्रेक", "अगं, लेफ्टला जास्त जातेयस", "स्पीड बघ ना यार" असं सुरू झालं. लिओनाताईनं मला गाडी बसस्टॉपपाशी थांबवायला सांगितली आणि मागे न वळता म्हणाली, "मंदार, ही बस तुझ्या घरावरून जाते." बाहेर पाऊस चालू होता. हा बिचारा उतरला, आणि आरशात मला तो हुडी डोक्यावर ओढून वेळापत्रक वाचताना दिसला. त्यानंतर त्याला लिओनाताई फार आवडायला लागली. हे त्याचं मोठेपण की धास्ती, ते मला अजून कळलेलं नाही.

तिची दुसरी सक्ती हॉर्नची. इकडे हॉर्न वाजवणं म्हणजे जवळजवळ शिवी दिल्यासारखं, महिनोन्महिने ऐकू येत नाही. ही मात्र प्रत्येकीला मोकळ्या मैदानात नेऊन हॉर्न दाबायला लावायची. मी म्हटलं, "ताई, मी इंडियातून आलेय, आम्हाला तो जन्मतःच येतो." आणि प्रत्यक्षात दाबला तेव्हा चिमणीएवढा आवाज निघाला. "हे काय? परत कर. कुणाला तरी ऐकू जाऊ दे," ती म्हणाली. ती वाढली तिथं बाईनं आवाज चढवणं पाप होतं. राग आला तर खोलीत जायचं, तो गिळायचा आणि हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर यायचं, असं मुलींना लहानपणापासून शिकवलेलं. "पहिल्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा मी रडले. मग मला तो आवडायलाच लागला," ती म्हणाली, आणि स्वतःच हात लांब करून माझ्या स्टिअरिंगवरचा हॉर्न दणकून वाजवला.

तिची कहाणी मी समोरासमोर बसून कधीच ऐकली नाही. ती सांगायची हायवेवर, मी गाडी चालवत असताना, नजर रस्त्यावर ठेवून. "सिग्नल दे. लेन बदल. तर त्या दिवशी त्यानं पट्टा काढला. आरसा बघ, मागे ट्रक आहे." मला एकीकडे रडू यायचं आणि दुसरीकडे ट्रक सांभाळायचा असायचा. पुढे मला वाटलं, की तिनं मुद्दामच अशी वेळ निवडली असावी, कारण गाडी चालवणाऱ्या माणसाला हळहळायला सवड नसते.

दक्षिणेतल्या वाळवंटात तिच्या पंथाची वस्ती होती, अजूनही आहे. पुरुषाला जितक्या जास्त बायका तितका त्याचा स्वर्ग जवळ, अशी तिथली श्रद्धा. कुणी कुणाशी लग्न करायचं हे वस्तीचा प्रमुख देवाच्या नावानं सांगायचा. सकाळी सांगितलं की संध्याकाळी लग्न. लिओनाताई सतराव्या वर्षी पन्नाशीच्या माणसाची चौथी बायको झाली. नको म्हणण्याची सोयच नव्हती, पहिल्या रात्रीही नव्हती आणि नंतरही नव्हती. मारलं तर तक्रार प्रमुखाकडे न्यायची आणि प्रमुख सांगायचा, की तू अधिक गोड वाग. नवऱ्यानं प्रमुखाची मर्जी गमावली तर त्याची बायका-मुलं उचलून दुसऱ्या पुरुषाला दिली जायची. हे ऐकताना माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून निघायचा. ती म्हणायची, "स्पीड राख."

सवती म्हटल्यावर माझ्या डोक्यात आपल्याकडची भांडणं आली. तसं विचारलं तर ती माझ्यावरच चिडली. "वाईट नव्हत्या त्या. माझी चारही बाळंतपणं थोरलीनं केली. स्वतः उपाशी राहून माझ्या पोरांना दूध दिलंय तिनं." जरा वेळानं म्हणाली, "आणि मी पळून जात होते तेव्हा आरडाओरडा केला तोही तिनंच. तिला वाटलं, ती मला नरकातून वाचवतेय." थोरलीबद्दल ती हे दोन्ही सांगायची आणि एकामुळे दुसरं खोडायची नाही. मला हे जमलं नसतं. मी त्या थोरलीला आजही मनातल्या मनात शिव्या देते.

तर तो पळून जाण्याचा दिवस. वस्तीतल्या बायकांना गाडी शिकू देत नसत, पण कापणीच्या दिवसांत माणसं कमी पडली की शेतात पिकअप चालवायला बसवत, सरळ रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढ्याच जोरावर लिओनाताईनं बेत केला. रविवारची सकाळ होती आणि सगळे प्रार्थनेला गेलेले. तिनं चारही मुलांना जुन्या व्हॅनमध्ये बसवलं आणि किल्ली फिरवली. व्हॅन गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. व्हॅन मागे कशी न्यायची हे तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. ती गिअर खडखडवत राहिली आणि व्हॅन प्रत्येक वेळी पुढे उडी मारून भिंतीला धडकली. "मागे पोरं हसत होती. त्यांना वाटलं, आई खेळ करतेय," ती म्हणाली. आजारी म्हणून घरी राहिलेली थोरली त्या आवाजानं खिडकीत आली.

त्याच संध्याकाळी शिक्षा झाली. चौदा वर्षांची मिरियम, तिची सगळ्यात मोठी मुलगी, तिच्यापासून काढून दुसऱ्या घराला दिली गेली, आणि वर्षाच्या आत तिचं लग्न लावलं गेलं. पुढल्या उन्हाळ्यात लिओनाताई धाकट्या तिघांना घेऊन भर दुपारी शेतातून चालत हायवेवर पोचली, आणि एका ट्रकवालीनं त्यांना उचललं. मिरियमपर्यंत तिला जाता आलं नाही. आश्रयघरात कुणीतरी विचारलं, काय शिकायला आवडेल? तिनं सांगितलं, गाडी मागे न्यायला.

मी या बाईला का मानते, तर तिच्या सुट्टीमुळे. आमच्याकडे लोक सुट्टीला हवाईला जातात, भारतात जातात. लिओनाताई दर वर्षी दोन दिवस गाडी चालवून त्या वस्तीजवळच्या गावात जायची आणि तिथल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभी राहायची. वस्तीतल्या बायका सामानाला तिथं येत. लांब हातांचे फिक्या रंगाचे झगे, डोक्यावर उंच बांधलेले केस, आणि त्यांच्यात मिरियम. सोडून गेलेल्यांशी बोललं तर आपलाही स्वर्ग जातो अशी शिकवण, त्यामुळे आईसमोरून ती मान फिरवून ट्रॉली ढकलत निघून जायची. वर्षानुवर्षं हेच. मी एकदा न राहवून म्हटलं, "ताई, ती बघतही नाही तुझ्याकडे. कशाला जीव जाळतेस?" ती म्हणाली, "मान फिरवते म्हणजे तिनं मला पाहिलेलं असतं." आणि परत निघताना ती तिथल्या प्रत्येक व्हॅनच्या वायपरखाली आपल्या ड्रायव्हिंग स्कूलचं कार्ड अडकवून यायची, जणू दोन दिवसांच्या अंतरावरून गिऱ्हाईकं येणार होती.

वर्क परमिट मिळाल्यावर मी तिच्याच स्कूलमध्ये फोन घ्यायला लागले. पगार यथातथा, पण मंदारच्या ऑफिसच्या गप्पांपेक्षा बरं. एका दुपारी एका बाईचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"तुम्ही किती वर्षांच्या मुलींना घेता?"

"पंधरा पूर्ण हव्यात," मी म्हटलं.

"माझी या महिन्यात पंधराची होईल. पण आम्ही लांब राहतो. ती तिथेच राहून शिकली तर चालेल?"

मी सांगितलं, की आमच्याकडे राहायची सोय नसते. तरी ती बाई फोन ठेवेना. मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हटलं, "लिओनाताई, कुणीतरी विचित्र बाई आहे. मुलीसाठी होस्टेल हवंय तिला."

ताईनं फोन घेतला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "चालेल. राहायचीही सोय आहे." मग दिवस आणि वेळ ठरली. फोन ठेवून ती खुर्चीवर बसली. "तिच्या मुलीचं लग्न ठरवलंय त्यांनी," ती म्हणाली. कुणाच्या, हे मला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या ड्रायव्हरची गरज होती म्हणून मी तिच्याबरोबर गेले. मंदारनं आधी "अगं, हे लीगल आहे का? पोलिसांत गेलेलं बरं ना?" असं विचारून पाहिलं. लिओनाताईनं वकिलाशी बोलून सगळं रीतसर करून ठेवलं होतं. ते ऐकल्यावर तो गुपचूप टायरमधली हवा तपासून आला. ऊन डोक्यावर यायच्या सुमारास आम्ही त्या पार्किंगमध्ये होतो. मिरियम दुकानातून बाहेर आली. बरोबरची बाई आत बिलाच्या रांगेत होती. मिरियमचा हात धरून एक मुलगी चालत होती, तसाच झगा, तसेच केस, आणि ती पायांकडे बघत होती. मला वाटलं, आता तरी मिरियम आईला मिठी मारेल, किंवा निदान गाडीत बसेल. मी मागचं दार उघडून धरलं होतं, दोघींसाठी.

मिरियमनं आईकडे पाहिलंच नाही. मुलीच्या खांद्यांना धरून तिनं तिला लिओनाताईसमोर उभं केलं आणि मुलीला म्हणाली, "ही तुझी आजी. ती सांगेल तसं कर." मग ट्रॉली वळवून ती परत दुकानाकडे चालायला लागली. लिओनाताईनं हाक मारली नाही. घरी मिरियमची आणखी मुलं होती, आणि ही गेल्याचा जाब तिला एकटीला द्यायचा होता. दुकानाचं दार बंद होईपर्यंत ताई तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं किल्ली माझ्या हातात दिली. पहिल्या पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. तिथं ती मागे नातीशेजारी जाऊन बसली आणि मला म्हणाली, "इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा मला नात्यानं काहीतरी म्हटलं. आजी."

मुलगी वर्षभर रेडमंडला राहिली, शाळेत गेली, माझ्या हातचा पोहे-चिवडा मुठी भरभरून खायला लागली. आणि मग लिओनाताईनं स्कूल विकायला काढलं. आम्ही बायकांनी तिला खूप समजावलं. इथं तिचं नाव होतं, माणसं होती, गुडघे दुखायला लागले होते. "मिरियमला अजून दोन मुली आहेत," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं तिला सोडवायची वाट बघत बसले. ती काही येणार नाही. ती आत राहून एकेकीला बाहेर काढणार आहे. त्यांना घ्यायला जवळ कुणीतरी हवं ना?" तिनं त्या सुपरमार्केटच्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. निरोप घ्यायला आम्ही सगळ्या जमलो. मी रडले, तिनं माझ्या पाठीवर थोपटलं आणि नातीला घेऊन निघून गेली. मला ती फार आठवते. नव्या मालकाकडे मी महिनाभरच टिकले.

ती फोनवर बोलणारी नाही आणि मेसेज तर वर्षातून एखादा. गेल्या महिन्यात मी किराणा गाडीत भरत होते तेव्हा तिचा आला. डिकी उघडी टाकून मी तिथंच उभी राहून तो वाचला. "दुसरी आली. धाकटी अजून लहान आहे. मी इथंच आहे."