कोणाची प्रजा?

मोंबासाला कारकुनी करायला जायचं ठरलं आणि मलकापुरात मी पासपोर्टाच्या नियमांचा पंडित झालो. नवा नियम निघाला की भेटेल त्याला थांबवून समजावायचो. अर्जात विचारलं होतं, ‘कोणाची प्रजा?’ बाकीचे वऱ्हाडी मुकाट्याने ‘इंग्रज सरकारची’ लिहून मोकळे झाले. मला अक्कल जास्त! वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या इंग्रजांकडे, पण कागदोपत्री मुलूख निजामाचा, म्हणून मी ठासून ‘निजामाची’ लिहिलं. नागपूर म्हणालं, हैदराबादला विचारा. हैदराबाद म्हणालं, नागपूरला विचारा. तेवढ्यात नियमच बदलले, माझा अर्ज पुन्हा पहिल्यापासून, आणि बाकीचे बोटीत बसलेसुद्धा.

वडील म्हणाले, “आफ्रिकेले काऊन जातं बे? निजामाचा माणूस इंग्रजाच्या राज्यात राहून राह्यला, म्हंजे परदेशातच त हायेस तू!”